मध्यम आकाराची एसयूव्ही घेताना: पहिल्यांदाच एवढी गाडी घेणाऱ्या कुटुंबासाठी

क्रेटा, सेल्टोस, ग्रँड व्हिटारा, हायरायडर, एलिव्हेट, कुशाक, टायगुन ही नावे आता घरोघरी झाली आहेत. या साऱ्या गाड्या साधारण सव्वाचार ते साडेचार मीटर लांबीच्या आणि पाच जणांच्या असून त्यांच्या बहुतेक प्रकारांची किंमत दहा ते वीस लाखांच्या दरम्यान असते. माहितीपत्रके शेजारीशेजारी ठेवली तर त्यांतली कोणतीही गाडी दुसरीपेक्षा फारशी वेगळी वाटत नाही. फरक दिसू लागतो तो आपल्या घरातली माणसे, आपले पार्किंग आणि आपला नेहमीचा रस्ता यांच्याशी त्या लावून पाहिल्यावर. म्हणून पुढचा क्रम घरापासून सुरू होतो आणि शोरूम त्यात बऱ्याच उशिरा येते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे गणित स्वतंत्र असल्यामुळे त्या येथे घेतलेल्या नाहीत.

पायरी पहिली: एवढी मोठी गाडी खरोखर हवी का

हा प्रश्न आधी सोडवण्याचे कारण कराचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, तसेच पेट्रोल असल्यास १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तर यांपैकी कोणतीही मर्यादा ओलांडणाऱ्या गाडीवर ४० टक्के लागतो. करापूर्वीची किंमत दोन्हीकडे साडेआठ लाख धरली, तर छोटी गाडी १० लाख ३ हजारांना पडते आणि मध्यम आकाराची ११ लाख ९० हजारांना. म्हणजे एक लाख सत्त्याऐंशी हजारांचा फरक नुसत्या कराचा आहे, आणि हीच रक्कम छोट्या गाडीचा वरचा, अधिक सुरक्षित प्रकार घेण्यासाठी वापरता येते.

गेल्या वर्षभरात चारपेक्षा जास्त माणसांनी मिळून किती प्रवास केले आणि त्यांपैकी किती प्रवासांत मुक्कामाचे सामान होते, हे कागदावर मांडावे. वर्षातून दोनदा गावी जाणे आणि एकदा देवदर्शन एवढाच हिशेब निघाला, तर त्या तीन वेळा भाड्याची मोठी गाडी करणे स्वस्त पडते. याउलट घरात दोन मुले असतील, आईवडील बरोबर राहत असतील आणि दर महिन्याला कुठे ना कुठे जाणे होत असेल, तर चार मीटरच्या आतल्या गाडीचे मागचे आसन तिघांना खरोखर अपुरे पडते आणि पुढे वाचण्यात अर्थ आहे.

पायरी दुसरी: टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरणे

क्रेटा आणि एलिव्हेट या दोघींची रुंदी १७९० मिलिमीटर आहे, ग्रँड व्हिटाराची १७९५ आणि कुशाकची १७६०. हे आकडे बाजूचे आरसे सोडून असतात. आपल्या जागेत दोन खांबांमधले अंतर मोजून त्यातून गाडीची रुंदी वजा केल्यावर चालकाच्या बाजूला किमान ६० सेंटिमीटर उरायला हवेत. तेवढे नसतील तर रोज अंग चोरून उतरावे लागेल. जुन्या सोसायट्यांमध्ये रुंदीपेक्षाही अडचणीचा असतो तो तळमजल्याकडे उतरणारा वळणाचा उतार. तिथे सध्याच्या गाडीची लांबी, तसेच तिचे पुढचे आणि मागचे टोक भिंतीपासून किती अंतरावर राहते ते लिहून घ्यावे, म्हणजे तीस-चाळीस सेंटिमीटर जास्त लांबीची गाडी तिथे वळेल की नाही याचा अंदाज येतो.

पायरी तिसरी: ‘परवडते’ म्हणजे किती, हे ऑन-रोड आकड्यावर ठरवणे

जाहिरातीतली किंमत एक्स-शोरूम असते, म्हणजे तीत वाहनकर आणि विमा धरलेला नसतो; ते मिळवले की ऑन-रोड किंमत होते. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर घेतलेल्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के वाहनकर लागतो, तर डिझेलसाठी हेच दर १३, १४ आणि १५ टक्के आहेत. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कर सरळ २० टक्क्यांवर जातो. १४ लाखांच्या पेट्रोल गाडीला साधारण १ लाख ६८ हजार आणि तेवढ्याच किमतीच्या डिझेल गाडीला १ लाख ९६ हजार नुसता वाहनकर होतो. दुसऱ्या राज्यात कर कमी आहे म्हणून तिथल्या पत्त्यावर गाडी नोंदवण्याचा सल्ला देणारे भेटतात. पण बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि तिथला कर भरावा लागतो, त्यामुळे ही चतुराई बहुधा अंगाशी येते.

दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेतो. तो खर्च नव्हे. आयकर विवरणपत्र भरताना ती रक्कम आपल्या करात वळती होते किंवा परत मिळते, मात्र त्यासाठी बिलावर पॅन बरोबर पडलेला असला पाहिजे. विम्यात तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या गाडीला तीन वर्षांचे एकदम घ्यावे लागते. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या गाडीला त्यासाठी १०,६४० रुपये आणि १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २४,५९६ रुपये पडतात, शिवाय त्यावर कर. या वर्गातली बरीच इंजिने १४९७ किंवा १४९८ सीसीची का असतात, याचे अर्धे उत्तर अशा कोष्टकांत सापडते.

या सगळ्याची बेरीज करून आलेल्या रकमेवर कर्जाचा हप्ता काढावा आणि त्या हप्त्यात महिन्याचे इंधन, वर्षाच्या विम्याचा व सर्व्हिसचा बारावा भाग आणि चाळीस-पन्नास हजार किलोमीटरनंतर येणाऱ्या चार टायरांसाठी थोडी रक्कम मिळवावी. हा एकत्रित आकडा घरच्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा, असे मी सुचवीन. मनातल्या मनात तो नेहमीच लहान वाटतो.

पायरी चौथी: इंधन आणि इंजिन

डिझेलचा निर्णय गुणाकार-भागाकाराने करावा. समजा, डिझेल प्रकार कर धरून १ लाख ८० हजारांनी महाग आहे, पेट्रोल १०५ रुपयांना आणि डिझेल ९१ रुपयांना मिळते, आणि प्रत्यक्षात पेट्रोल गाडी साडेबारा तर डिझेल साडेसतरा किलोमीटर जाते. मग पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ८ रुपये ४० पैसे, डिझेलचा ५ रुपये २० पैसे, आणि जादा दिलेले पैसे वसूल व्हायला ५६ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालवणाऱ्याला त्यासाठी सात वर्षे थांबावे लागेल. नाशिक-मुंबई अशी ये-जा करत वर्षाला पंचवीस हजार चालवणाऱ्याला सव्वादोन वर्षे पुरतात. आपले आकडे घालून हेच गणित करावे. दुसरी बाब अशी की, बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी असते, आणि ती स्वतःला जाळून साफ करण्यासाठी इंजिन बराच वेळ गरम राहून धावावे लागते. रोज तीन किलोमीटरवरच्या शाळेत मुले सोडणे हाच मुख्य वापर असेल, तर ती जाळी तुंबते आणि मीटरवर इशाऱ्याचा दिवा लागतो.

पेट्रोलमध्ये साधे इंजिन आणि दाबाने जास्त हवा आत घेणारे टर्बो इंजिन असे दोन मार्ग आहेत. एलिव्हेटच्या दीड लिटर इंजिनाची ताकद १२१ पीएस आहे, पण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, १४५ न्यूटन-मीटर. कुशाकचे एक लिटरचे टर्बो ११५ पीएसचे असूनही १७८ न्यूटन-मीटर देते. भरल्या गाडीने घाट चढताना उपयोगी पडतो तो टॉर्क. टर्बोचा तोटा असा की, इंजिन सुस्त फिरत असताना ते क्षणभर मागे राहते आणि मग एकदम उसळते, आणि पाय जड असणाऱ्याचे पेट्रोलही ते भरपूर पिते. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर यांचा स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेला प्रकार गर्दीच्या शहरात सर्वांत कमी पेट्रोल खातो; द्रुतगती मार्गावर सलग धावताना त्याचा फायदा बराच कमी होतो, आणि बॅटरी मागे बसवलेली असल्यामुळे डिकी लहान होते.

कंपनीने सांगितलेल्या अ‍ॅव्हरेजविषयी एवढेच लक्षात ठेवावे की, पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत हे माप रोलरवर चाक फिरवून घेतले जाते. त्यात वेग ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि वातानुकूलन बंद ठेवण्याची पद्धत रूढ आहे. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून त्या आकड्यातून चौथा हिस्सा वजा करून हिशेब धरलेला बरा.

पायरी पाचवी: गिअरचा प्रकार

‘ऑटोमॅटिक आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. कोणते ऑटोमॅटिक, ते विचारावे. क्रेटाचे साधे पेट्रोल आणि एलिव्हेट यांत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांच्या पायऱ्या नसलेले ऑटोमॅटिक, मिळते. ते शहरात लोण्यासारखे चालते, पण चढावर पाय दाबला की आवाज आधी वाढतो आणि वेग मागाहून येतो. क्रेटाच्या टर्बोला आणि कुशाकच्या दीड लिटरला दोन क्लचचे डीसीटी आहे. मोकळ्या रस्त्यावर ते उत्तम, मात्र चढावर मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या रांगेत त्याचे कोरडे क्लच तापू शकतात. टॉर्क कन्व्हर्टर हा इंजिनाचा जोर तेलातून पोचवणारा जुना आणि सोशिक प्रकार आहे. रोजचा रस्ता चढाच्या कोंडीचा असेल तर माझे मत टॉर्क कन्व्हर्टरला किंवा सीव्हीटीला. हाताने गिअर टाकण्याची सवय असलेल्याने संकोच न करता मॅन्युअल घ्यावे. लाखाहून अधिक रुपये वाचतात.

पायरी सहावी: शोरूममध्ये मागच्या दारापासून सुरुवात

आता शोरूममध्ये जावे, आणि जाताना घरातली सगळी माणसे न्यावीत. विक्रेता चालकाच्या आसनावर बसवून टचस्क्रीन आणि सनरूफ दाखवू लागेल. त्याला नम्रपणे थांबवून आधी मागचे दार उघडावे.

माझ्या आईचा उजवा गुडघा दुखतो. आम्ही पाहिलेल्या पहिल्या गाडीत तिने एक पाय आत टाकला, दाराच्या वरची मूठ धरली आणि तशीच थांबली, कारण दाराची खालची चौकट उंच होती आणि मागच्या चाकाच्या कमानीमुळे पाऊल ठेवायला जागा अरुंद उरत होती. दुसऱ्या गाडीची जमिनीपासूनची उंची कागदावर जवळपास तेवढीच होती, पण तिचे दार जवळजवळ काटकोनात उघडत होते आणि आसन आईच्या कमरेच्या उंचीला होते. ती मागे वळून सरळ बसली आणि मग पाय आत घेतले. वृद्धांना गाडीत असेच बसता आले पाहिजे, आणि हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

त्यानंतर मागे तिघांनी एकदम बसावे, दार लावावे आणि निदान दहा मिनिटे तसेच बसून राहावे. मधल्या माणसाला पायाखाली उंचवटा किती लागतो, पाठ टणक लागते का, त्याच्यासाठी खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा पट्टा आणि डोक्याला आधार आहे का, हे पाहावे. पुढचे आसन घरातल्या सर्वांत उंच चालकाप्रमाणे मागे सरकवून मगच मागची गुडघ्याची जागा तपासावी, कारण शोरूममधल्या गाडीची पुढची आसने पुष्कळदा पुढे ओढून ठेवलेली असतात. पॅनोरमिक सनरूफच्या चौकटीमुळे मागच्या बाजूला डोक्यावरची जागा दोन-तीन बोटांनी कमी होते, तेव्हा उंच माणसाला मागेच बसवून पाहावे. (त्या सनरूफमधून मुलांना उभे करण्याची हौस असेल, तर ती शोरूममध्येच विसरून यावी.)

डिकीचे लिटर एलिव्हेटला ४५८, क्रेटाला ४३३ आणि कुशाकला ३८५ असे छापलेले आहेत, पण सामान लिटरमध्ये मोजून कोणी भरत नाही. घरातली सर्वांत मोठी बॅग आणि बाळाची गाडी असेल तर ती बरोबर नेऊन प्रत्यक्ष ठेवून पाहावी. डिकीचा कठडा किती उंच आहे, म्हणजे बॅग किती वर उचलावी लागते, हेही त्याच वेळी कळते.

पायरी सातवी: सुरक्षा

सहा एअरबॅग आणि घसरण सावरणारी ईएससी प्रणाली आपण घेणार त्या प्रकारात आहे का, हे पाहावे. सर्वांत वरच्या प्रकाराची यादी पाहून समाधान मानू नये. लहान मुलांच्या आसनासाठी आयसोफिक्सच्या कड्या कुठे आहेत, ते मागच्या गादीत हात घालून चाचपावे. भारत एनकॅप ही आपल्याकडची धडक चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली. त्यात ताशी ६४ किलोमीटरने समोरून, ५० किलोमीटरने बाजूने आणि २९ किलोमीटरने खांबावर अशा धडका देऊन प्रौढांसाठी ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी गुण दिले जातात. तारे दोन वेगवेगळे असतात, एक प्रौढांसाठी आणि एक मुलांसाठी, आणि जाहिरातीत त्यांतला बरा तेवढाच ठळक छापला जातो. चाकणला बनणाऱ्या कुशाक आणि टायगुन यांना २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत दोन्हीकडे पाच तारे मिळाले होते. ज्या गाडीची चाचणी झालेली नाही, तिच्याबद्दल विक्रेत्याने दिलेली तोंडी हमी निकाल म्हणून धरू नये.

समोरचे वाहन ओळखून आपोआप ब्रेक लावणाऱ्या एडास प्रणालीसाठी मी लाखभर रुपये जादा मोजणार नाही. महामार्गावर ती उपयोगी आहे. बाजारपेठेतून जाताना रिक्षा आडवी आली की ती वरचेवर दचकते आणि शेवटी लोक ती बंद करून ठेवतात.

पायरी आठवी: टेस्ट ड्राइव्ह, पूर्ण भरून

शोरूमभोवतीची दहा मिनिटांची फेरी ही ओळख झाली, चाचणी नव्हे. निदान पाऊण तासाची वेळ आधी ठरवून घ्यावी, घरच्यांना बसवावे आणि एसी पूर्ण चालू ठेवावा. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट यासाठी उत्तम आहे. नागपुरात किंवा लातूरमध्ये घाट नसला तरी एखादा उड्डाणपूल आणि त्याखालचा उखडलेला रस्ता मिळतोच. घाटातल्या वळणावर वेग २० पर्यंत उतरवावा आणि दुसऱ्या गिअरवर पुन्हा पाय दाबावा. गाडी पहिला गिअर मागत असेल, तर सामानासकट पाच माणसांना घेऊन आंबोली चढताना ती किती मागेल याचा अंदाज करता येतो. चढावर पूर्ण थांबून पुन्हा निघून पाहावे आणि गाडी किती मागे येते ते बघावे.

त्यानंतर चाक दुसऱ्याच्या हाती देऊन आपण मागे बसावे. ही गोष्ट फार थोडे लोक करतात, पण घरातली तीन माणसे तर तिथेच बसणार असतात. ओळीने येणाऱ्या गतिरोधकांवर गाडी एकदा दबून स्थिर होते की झोके घेत राहते, खड्ड्यात धक्का कण्यापर्यंत पोचतो का, मागच्या एसीची हवा चेहऱ्यावर येते का, हे मागे बसूनच समजते. वरच्या प्रकारातली मोठी चाके दिसायला देखणी असतात, पण चाक मोठे झाले की टायरचा रबरी भाग बुटका होतो आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यात त्याला फुगा येण्याची शक्यता वाढते. दोन प्रकारांत निवड असेल तर १७ इंची चाक घ्यावे. जमले तर संध्याकाळनंतर एकदा चालवून दिव्यांचा उजेड पाहावा. दुसरी गाडी त्याच रस्त्यावर, शक्यतो त्याच दिवशी चालवावी, नाहीतर तुलना स्मरणावर अवलंबून राहते.

पायरी नववी: अंदाजपत्रक वाचणे

गाडी ठरल्यावर लेखी अंदाजपत्रक मागावे आणि ओळ न ओळ वाचावी. माझ्या वेळी एका विक्रेत्याने ‘हँडलिंग’ म्हणून साडेआठ हजार आणि ‘अत्यावश्यक किट’ म्हणून अठरा हजार रुपये त्यात घातले होते. या किटमध्ये रबरी मॅट, मडफ्लॅप आणि सुगंधाची एक बाटली होती. दोन्ही रकमांची स्वतंत्र पावती मागितल्यावर पहिली ओळ खोडली गेली, आणि दुसरीतल्या मॅट तेवढ्या मी चौकातल्या दुकानातून आणल्या.

विमा शोरूममधूनच घेण्याचे बंधन नाही. बाहेरून दोन दर आणावेत, पण तुलना करताना गाडीचे विमामूल्य तिन्हीकडे सारखे आहे ना, हे पाहावे. नव्या गाडीसाठी ते साधारण एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के असते आणि ते कमी धरले की हप्ता उगाच स्वस्त दिसतो. घसारा न कापणारे झिरो डेप्रिसिएशन पहिली पाच वर्षे घ्यावे. मुंबई, ठाणे किंवा कोल्हापूरच्या नदीकाठी राहणाऱ्यांनी इंजिन संरक्षण जरूर घ्यावे, कारण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला जाऊन झालेले नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही. जवळच्या सर्व्हिस केंद्राचे अंतरही याच टप्प्यावर पाहावे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला साठ किलोमीटर दूरच्या केंद्रामुळे दर वेळी पूर्ण दिवस घालवावा लागतो.

पायरी दहावी: नोंदणीआधी गाडी पाहणे

ही पाहणी आरटीओ नोंदणीच्या आधी झाली पाहिजे, कारण एकदा गाडी आपल्या नावावर चढली की ती नाकारता येत नाही. दिवसाच्या उजेडात, गाडी धुतल्यावर आणि कोरडी झाल्यावर जावे. सतरा अक्षरी चॅसी क्रमांकातले दहावे अक्षर बहुतेक कंपन्यांमध्ये वर्ष सांगते: २०२५ साठी इंग्रजी ‘एस’, २०२६ साठी ‘टी’. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष दाखवतात, म्हणजे ३४२५ म्हणजे २०२५ चा चौतिसावा आठवडा. पाचही टायर पाहावेत आणि स्टेपनी त्याच मापाची आहे की बारीक, हेही पाहून ठेवावे. प्रत्येक पत्र्याकडे तिरक्या नजरेने बघितले की रंगातली लाट दिसते. दारांमधल्या फटी बोटाने चाचपाव्यात, सगळ्या काचा खालीवर कराव्यात, एसी दहा मिनिटे चालवावा आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून घ्यावेत.

डिलिव्हरीच्या दिवशी बिल, विमापत्र आणि नमुना २१ (विक्रीचा दाखला) व २२ (गाडी रस्त्यायोग्य असल्याचा दाखला) यांवरचा चॅसी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहावा आणि दोन्ही किल्ल्या ताब्यात घ्याव्यात. हार, पेढे आणि नारळ झाल्यावर पहिला थांबा हवा भरण्याच्या ठिकाणी घ्यावा. कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या टायरांत वाहतुकीसाठी पुष्कळदा जास्त हवा भरलेली असते आणि शोरूममध्ये ती कमी करायची राहून जाते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर जो आकडा चिकटवलेला असतो, तेवढी हवा ठेवून मग घरच्यांना आत बसवावे.